दाढीच्या ब्रशातील काळपुळी

फ्रेंच भाषेत 'ब्लेरो' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. जमिनीत खोल बिळे करून राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला बॅजर नावाचा निशाचर प्राणी, हा त्याचा पहिला अर्थ. आणि सकाळी आरशासमोर उभे राहून गालांवर साबणाचा फेस चढविण्यासाठी पुरुष जो ब्रश हाती घेतो, तो दुसरा. वस्तूला तिच्या मूळ द्रव्याचेच नाव पडावे, इतके त्या दोहोंचे नाते घट्ट होते. परंतु नाव हे एक प्रकारचे वचनही असते. ब्लेरो विकत घेणाऱ्याला दुकानदार जणू सांगत असतो, की हा केस बॅजरचाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे वचन हजारो ब्रशांच्या बाबतीत खोटे ठरले, आणि त्या खोटेपणाची किंमत काही माणसांना प्राणांनी मोजावी लागली. इतिहासाच्या ग्रंथांत त्या युद्धातील तोफांना आणि तहांना पानेच्या पाने मिळतात. सैनिकाच्या पडशीतील ब्रशाला एखादी तळटीपही मिळत नाही. तरीही त्या ब्रशाची हकीकत माणसाच्या रोजच्या जीवनाविषयी फार मोलाचे काही सांगून जाते.

स्वतःची दाढी स्वतः करण्याची चाल युरोपात तशी अलीकडची. शतकानुशतके हे काम न्हाव्याचे होते. अठराव्या शतकात शहरवासी माणसाने वस्तरा स्वतःच्या हाती घेण्यास सुरुवात केली. पॅरिसमधील झां-झाक पेरे नावाच्या एका कसबी कारागिराने, जो सुऱ्या आणि वस्तरे बनविण्यात निष्णात होता, १७६९ साली आपली श्मश्रू आपण करण्याची कला शिकविणारा एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. न्हाव्याचा हात सरावलेला असतो. घरच्या माणसाचा तसा नसतो. म्हणून केस आधी चांगला भिजवून, मऊ करून, मगच त्यावर पाते फिरविणे त्याला अधिक अगत्याचे झाले. साबणाचा दाट फेस करणाऱ्या ब्रशाला यामुळे घरोघर स्थान मिळाले. लंडनमध्ये ब्रश बनविणाऱ्या केंट यांच्या पेढीची स्थापना १७७७ सालची आहे. म्हणजे ब्रशाचा हा व्यवसाय आणि स्वतः दाढी करण्याची नवी रीत ही दोन्ही एकाच काळात वाढीस लागली.

या कामासाठी बॅजरचाच केस का निवडला गेला? त्याचे उत्तर त्या केसाच्या घडणीत आहे. बॅजरच्या अंगावरील लांब केस मुळाशी बारीक असतो, पुढे जाड होत जातो आणि टोकाशी पुन्हा निमुळता होतो. त्याच्या रंगातही क्रम असतो: मुळाशी फिकट, मध्ये काळा पट्टा आणि टोकाला पुन्हा पांढरा. अशा शेकडो केसांची जुडी मुळाशी घट्ट बांधली, की ती वरच्या अंगाला आपोआप फुलते आणि केसाकेसांमधील जागेत पाणी धरून ठेवते. टोके मऊ असल्यामुळे ती त्वचेला बोचत नाहीत; मधला भाग ताठ असल्यामुळे दाबाखाली ब्रश लुळा पडत नाही. कसबी कारागीर हा ब्रश टोकाकडून कधीच कातरत नाही. साच्यात केसांची टोके खाली सोडून तो जुडीला घुमटासारखा आकार देतो आणि जे काही कापायचे ते बुडख्याशी कापतो. निसर्गाने दिलेले निमुळते टोक शाबूत राहावे, यासाठी ही सारी खटपट असते.

फेस करण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या आणि आजही आहेत. काही जण वाटीत साबण घोळून फेस तयार करतात आणि मग तो गालांना लावतात. दुसरे साबण ब्रशावर घेऊन किंवा साबणाची कांडी ओल्या दाढीवर फिरवून थेट चेहऱ्यावरच फेस उठवितात. वाटी वापरणाऱ्याला लांब केसांचा, सैल आणि मऊ ब्रश चालतो. कारण श्रम वाटीतच होतात. चेहऱ्यावर फेस उठविणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला आखूड केसांचा आणि दाट जुडीचा ब्रश हवा असतो. केसांची लांबी सुमारे पन्नास मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी आणि जुडीचा घेर मात्र भरगच्च, असा ब्रश गालावर गोल गोल फिरविला, की दाढीचा एकेक केस मुळापासून उचलला जातो, त्याखालची त्वचा चोळली जाते, आणि साबण रंध्रारंध्रांत शिरतो. चेहऱ्यावरच्या फेसाचा गुण म्हणतात तो हाच. पुढे घडलेल्या अनर्थात नेमका हाच गुण माणसाच्या मुळावर आला.

बॅजरचा केस महाग होता. एका जनावराच्या कातडीतून उत्तम प्रतीचा केस थोडाच निघतो. तो वेचावा, निवडावा आणि प्रतवार लावावा लागतो. तेव्हा जिथे खरी वस्तू महाग, तिथे तिची नक्कल होणार, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. घोड्याच्या शेपटीचा आणि आयाळीचा केस मुबलक आणि स्वस्त होता. तो विरंजित करून, त्यावर काळ्या रंगाचा पट्टा चढवून बॅजरसारखा दिसणारा ब्रश बनविता येत असे. जाणत्याला हा फरक कळे. नकली ब्रशाची टोके कातरलेली, म्हणून बोथट असत. स्पर्श खरखरीत असे. रंगाचा पट्टा फार सरळ, फार एकसारखा दिसे. परंतु दुकानातल्या मंद उजेडात आणि कमी किमतीच्या मोहात सामान्य गिऱ्हाइकाला हे कळणे कठीणच. तरी महायुद्धापूर्वी या फसवणुकीत गिऱ्हाइकाचे नुकसान चार पैशांचे आणि थोड्या सुखाचे होते. जिवावरचे संकट त्यात नव्हते.

ते संकट कोठून आले, हे समजण्यासाठी ब्रश क्षणभर बाजूला ठेवून एका जुन्या रोगाकडे वळले पाहिजे. मराठीत ज्याला सांसर्गिक काळपुळी म्हणतात, त्या रोगाचे युरोपीय नावही काळ्या रंगावरूनच आलेले आहे. ग्रीक भाषेत 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. हा मूळचा चरणाऱ्या जनावरांचा रोग: गाई, मेंढ्या, बकऱ्या, घोडे यांचा. माणसाच्या त्वचेत त्याचा शिरकाव झाला, की प्रथम किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते. तिच्याभोवती पाण्याचे फोड उठतात. मग मध्यभागी कोळशासारखी काळी खपली धरते. आश्चर्य असे, की ती फारशी दुखत नाही. सूज मात्र झपाट्याने पसरते, आणि पुळी गालावर किंवा मानेवर असली तर ती सूज श्वासमार्गाला भिडू शकते. जंतू रक्तात उतरले, की रोगी हाती लागणे कठीण. प्रतिजैविकांचा शोध लागण्यापूर्वी वैद्यांच्या हाती मुख्यतः दोन उपाय होते: पुळी कापून काढणे, किंवा इटलीतील अकिले स्क्लावो यांनी १८९५ च्या सुमारास तयार केलेली रक्तलस टोचणे.

१८७६ साली जर्मनीतील एका लहानशा गावी वैद्यकी करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी या रोगाच्या जंतूचे जीवनचक्र उलगडून दाखविले. त्यांच्या संशोधनातील सर्वांत भयप्रद भाग बीजाणूंचा होता. परिस्थिती प्रतिकूल झाली, की हा जंतू कठीण कवचाचे बीजरूप धारण करतो आणि त्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्याच्या चिवटपणाचे प्रत्यंतर पुढे दुसऱ्या महायुद्धात आले. १९४२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर या जंतूचे प्रयोग केले. ते बेट निर्धोक झाल्याची घोषणा व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मातीत जो इतका टिकतो, तो मेलेल्या जनावराच्या केसांत, गाठोड्यात बांधलेल्या अवस्थेत, समुद्र ओलांडून सहज येऊ शकतो, यात नवल ते काय?

आणि तो येतही होता. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. परदेशी लोकर आणि केस निवडणारे तेथील कामगार अचानक आजारी पडून दोनचार दिवसांत दगावत. लोक त्या दुखण्याला 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' म्हणत. १८८० च्या सुमारास डॉक्टर जॉन हेन्री बेल यांनी हा रोग म्हणजे काळपुळीच, तिने त्वचेऐवजी फुप्फुसांची वाट धरलेली, हे सिद्ध केले. १९०५ नंतर त्याच शहरात डॉक्टर फ्रेडरिक युरिक यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून लोकरीच्या आणि केसांच्या हजारो नमुन्यांची तपासणी केली. थोडक्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी या धोक्याचे ज्ञान पुरेसे होते. पण ते ज्ञान गिरणीच्या भिंतींच्या आत होते. हा कामगारांचा रोग आहे, सुशिक्षित गृहस्थाच्या स्नानगृहाशी त्याचा काही संबंध नाही, अशी सर्वांची समजूत होती.

ब्रशासाठी लागणारा घोड्याचा केस मुख्यतः चीन, सायबेरिया यांसारख्या दूरच्या प्रदेशांतून येत असे. युद्धापूर्वी त्यातील बराचसा माल आधी युरोपच्या भूमीवर, विशेषतः जर्मनी व फ्रान्समध्ये उतरे. तेथील व्यापारी तो निवडीत, धूत, शुद्ध करीत. आणि मग तो इंग्लंड-अमेरिकेच्या कारखान्यांत पोहोचे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ही वाट तुटली. केस आता आशियातून परस्पर येऊ लागला. वाटेतली शुद्धीकरणाची पायरी गळून पडली. परंतु ती गळून पडली आहे, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. व्यापारात नेहमी असेच होते. साखळीतील जी कडी मुकाट्याने काम करते, तिचे महत्त्व ती तुटल्यावरच कळते.

पुरवठ्याची वाट अशी बिघडलेली असतानाच मागणी मात्र अफाट वाढली. ब्रिटिश सैनिकाच्या व्यक्तिगत सामानात वस्तरा आणि दाढीचा ब्रश या नेमलेल्या वस्तू होत्या. सैन्य लाखांनी वाढले, तसे ब्रशही लाखांनी लागू लागले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथील रणभूमीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि विषारी वायूचे युद्ध सुरू झाले. वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा, तर गाल आणि हनुवटी गुळगुळीत हवी. ब्रिटिश सैनिकाला ओठावरची मिशी काढण्यास बंदी होती. ती बंदीही ऑक्टोबर १९१६ मध्ये उठविण्यात आली. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या सरकारने आपल्या सैनिकांसाठी जिलेट कंपनीकडून सुमारे पस्तीस लाख सेफ्टी रेझर घेतले. दाढी करणे ही आतापर्यंत खासगी आवडीची बाब होती. आता ती शिस्तीची आणि जीवरक्षणाची बाब झाली. अशा वेळी खऱ्या बॅजरची वाट पाहण्यास सवड कोणाला होती? बॅजरसारखा दिसणारा घोड्याच्या केसाचा ब्रश जहाजे भरभरून येऊ लागला, आणि त्याबरोबर बीजाणूही आले.

पहिले रोगी वैद्यांना कोड्यात टाकणारे होते. ही माणसे लोकरीच्या गिरणीत काम करीत नव्हती. ती खाटीक नव्हती, चर्मकार नव्हती, गुराखीही नव्हती. तरी त्यांच्या हनुवटीवर, गालावर, मानेवर ती ओळखीची काळी खपली दिसत होती. चौकशी करता करता एक समान धागा हाती लागला: अनेकांनी थोड्याच दिवसांपूर्वी नवा ब्रश वापरावयास घेतला होता. इंग्लंडच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने या प्रकरणाची चौकशी करविली आणि १९१७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. संशयित ब्रश प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा त्यांच्या केसांत काळपुळीचे जंतू जिवंत सापडले. अमेरिकेतही तशीच प्रकरणे उघडकीस आली. उपलब्ध नोंदी एकत्र केल्या असता, त्या काळात दोन्ही देशांतील सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक माणसांना ब्रशापासून ही बाधा झाल्याचे दिसते. ज्या युद्धात माणसे लाखांनी मेली, त्यात हा आकडा लहान खरा. पण शत्रूचा एकही सैनिक समोर नसताना, आपल्याच छावणीत, आपल्याच हाताने, सकाळच्या नित्यकर्मात ओढवलेले ते मरण होते.

चेहऱ्यावर फेस उठविण्याची रीत या ठिकाणी किती घातक ठरली, हे सहज लक्षात येईल. धडधाकट त्वचेतून हा जंतू सहसा आत शिरत नाही. त्याला एखादी भेग किंवा ओरखडा लागतो. दाढी करताना पात्याने त्वचेवर बारीक जखमा होतातच, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी ब्रश पुन्हा जोराने फिरतो. कोमट पाणी, साबण आणि केसांचे घर्षण यांच्या साहाय्याने बीजाणू नेमका त्या जखमेत चोळला जाई. नकली ब्रशाच्या बोथट, खरखरीत टोकांनी त्वचा आणखीच सोलवटे. साबणाने सारे काही शुद्ध होते, असा आपला भाबडा समज. पण बीजाणूच्या कवचापुढे साबणाचे काही चालत नाही. स्वच्छतेच्या साधनानेच रोग दिला.

युद्ध संपल्यावरही हे प्रकरण मिटले नाही. न्यूयॉर्कचे मायकेल फार्ली यांचे उदाहरण त्या दृष्टीने हृदयद्रावक आहे. आयर्लंडात जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेत येऊन मद्यविक्रीच्या धंद्यात स्थिरावला आणि १९१५ ते १९१७ या काळात अमेरिकन काँग्रेसचा सभासद होता. १९१६ च्या निवडणुकीत त्यांना हरविणारे फिओरेल्लो ला गार्डिया हे पुढे न्यूयॉर्कचे नामांकित महापौर झाले. फार्ली यांचे नाव मात्र एका वेगळ्याच कारणाने नोंदले गेले. ८ ऑक्टोबर १९२१ रोजी काळपुळीने त्यांचा अंत झाला, आणि ती त्यांना दाढीच्या ब्रशापासून झाली होती. ब्रश निवडताना त्यांनी काय पाहिले असेल? मूठ हातात नीट बसते का, केस मऊ आहे का, किंमत बरी आहे का? कोणीही जे पाहतो, तेच. त्याहून अधिक पाहण्याची शक्ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नसते.

या हकीकतीचे मर्म येथेच आहे. जाणकार गिऱ्हाइकाला खरा बॅजर आणि नकली बॅजर यांतला फरक ओळखता येतो. पण निर्जंतुक केस आणि जंतुयुक्त केस यांतला फरक कितीही जाणत्या गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. गिऱ्हाइकाने सावध राहावे, हा बाजाराचा जुना दंडक वस्तूच्या दिसण्यापुरता ठीक आहे. जे दिसतच नाही, त्याबाबतीत तो निरर्थक ठरतो. आरोग्याधिकाऱ्यांनी आरंभी लोकांना ब्रश फॉर्मॅलिनच्या द्रावणात काही तास बुडवून ठेवण्याचा उपदेश केला. परंतु रोज सकाळी कामावर धावणाऱ्या किती माणसांकडून हे होणार? शिवाय उग्र रसायनाने आणि उष्णतेने केसच बिघडण्याची भीती. शुद्धीकरणाचे काम स्नानगृहात नव्हे, तर बंदरात आणि कारखान्यात व्हावयास हवे होते. जबाबदारी शेवटच्या माणसाच्या माथी न मारता साखळीच्या आरंभी ठेवावयास हवी होती.

ती तशी ठेवण्याचा प्रयत्न १९१९ पासून सुरू झाला. त्या साली ब्रिटिश पार्लमेंटने काळपुळी-प्रतिबंधक कायदा केला आणि रोगाचा धोका असलेल्या मालाची आयात रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. या कायद्यामागची चौकशी युद्धापूर्वीच सुरू झालेली होती, आणि ती मुख्यतः लोकरीच्या कामगारांसाठी होती. परंतु त्याचा वापर कोणत्या क्रमाने झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद करण्यात आली. हिंदुस्थानातून येणारा बकऱ्यांचा केस आणि इजिप्तकडची लोकर व केस यांना शुद्धीकरणाचे बंधन घालणारा हुकूम १९२१ सालचा. गिऱ्हाइकाच्या हनुवटीचे रक्षण आधी झाले. लोकर निवडणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांना त्यानंतर वर्षभर थांबावे लागले. १९२१ सालीच लिव्हरपूल येथे सरकारी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. कारखाना-निरीक्षक डकरिंग यांनी विकसित केलेल्या पद्धतीने तेथे लोकर व केस प्रथम कोमट, साबणयुक्त पाण्यात घुसळून मोकळे करीत, आणि मग फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणातून काढून वाळवीत. बीजाणूचे कवच आधी भिजवून हळवे करावयाचे आणि मग त्यावर विष चालवावयाचे, अशी ती युक्ती होती. दाढीचा फेस करण्यापूर्वी केस भिजवावा लागतो, त्यासारखेच हे!

या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय स्वरूपही त्याच वेळी आले. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. काळपुळीच्या बीजाणूंनी दूषित झालेल्या लोकरीचे शुद्धीकरण शक्यतो निर्यात करणाऱ्या देशात व्हावे आणि ते शक्य नसेल तर आयात करणाऱ्या देशाच्या बंदरात व्हावे, अशी शिफारस त्या परिषदेने केली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे उपस्थित होते ते भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चाळींतून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या नामदार जोशी यांच्यासारख्या माणसाच्या उपस्थितीत हा विषय जगाच्या वेशीवर मांडला जावा, यात एक औचित्य आहे. कारण केसाच्या या लांब प्रवासात पहिला बळी गिऱ्हाइकाचा नसतो. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा धनगर, गाठोडी बांधणारा हमाल, केस निवडणारी कामकरी स्त्री, ब्रशाची जुडी बांधणारा कारागीर, हे सारे त्या बीजाणूच्या वाटेवर आधी उभे असतात. त्यांच्या मरणाची बातमी होत नाही. ती होते काँग्रेसच्या माजी सभासदाच्या मरणाची. पण दोघांना मारणारा केस एकच असतो.

हळूहळू उपाय लागू पडले. अमेरिकन ब्रशांच्या मुठीवर कारखानदाराच्या नावाबरोबर 'निर्जंतुक केलेला' असा ठसा दिसू लागला. जुन्या वस्तूंच्या बाजारात असे ठसे असलेले ब्रश आजही आढळतात. तो ठसा म्हणजे मोडलेले वचन नव्याने दिल्याची खूणच होय. पुढे दाढीचीच रीत बदलली. नळीतून निघणारा तयार फेस आला, विजेवर चालणारे यंत्र आले. १९३८ साली नायलॉनच्या तंतूंचा दात घासण्याचा ब्रश अमेरिकेत विक्रीस आला, आणि कृत्रिम तंतूंचे युग सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९७३ च्या आणि पुढे १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण मिळाले. बाजारात येणारा बॅजरचा केस आता प्रामुख्याने चीनमधून येतो, आणि त्या जनावरांना कशा रीतीने वागविले जाते, याविषयी अलीकडच्या वर्षांत गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. अनेक उत्पादक त्यामुळे कृत्रिम तंतूंकडे वळले आहेत; आणि आजचे कृत्रिम तंतू टोकाशी निमुळते करण्यात कारागिरांना इतके यश आले आहे, की चेहऱ्यावर फेस उठविणाऱ्याचेही त्यावर समाधान होते.

तरीही जुन्या रीतीची ओढ माणसाला सुटत नाही. ब्रश आणि साबणाची वडी यांच्याकडे एकविसाव्या शतकात अनेक तरुण पुन्हा वळले, आणि पणजोबांच्या काळातले ब्रश हौसेने विकत घेऊ लागले. तेव्हा २०१७ साली अमेरिकन सार्वजनिक आरोग्य खात्याच्या तज्ज्ञांना शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणाची आठवण करून देणारा लेख प्रसिद्ध करावा लागला. आजच्या ब्रशांच्या बाबतीत भीतीचे कारण नाही. पण महायुद्धाच्या काळातील, कोठून आला हे ठाऊक नसलेला प्राण्यांच्या केसाचा ब्रश शोभेसाठी कपाटात ठेवावा, गालाला लावू नये, हे शहाणपणाचे. बीजाणूला वर्षांचा हिशेब ठाऊक नसतो.

चेहऱ्यावर फेस उठविण्यासाठी ब्रश निवडणारा माणूस आजही केसांची लांबी पाहतो, जुडी दाबून तिचा ताठपणा अजमावतो, टोके तळहातावर फिरवून त्यांची मृदुता पाहतो. हे सारे योग्यच आहे. परंतु त्या महायुद्धातील काळ्या पुळीने आणखी एक प्रश्न विचारावयास शिकविले: हा केस कोणाच्या अंगावरून आला, कोणाच्या हातांतून गेला, आणि वाटेत त्याची शुद्धी कोणी केली? एकट्या गिऱ्हाइकाला या प्रश्नाचे उत्तर मिळविता येत नाही. म्हणून तर कायदे असतात, निरीक्षक असतात, बंदरातील तपासणीची ठाणी असतात. आरशासमोर निश्चिंतपणे गालावर ब्रश फिरविणाऱ्या माणसाला त्यांची आठवण होत नाही. ज्या सकाळी त्यांची आठवण करण्याची पाळी येत नाही, ती सकाळ त्यांच्याच जागरूकतेने लाभलेली असते.